पनामाच्या यादीचं पुढे काय झालं? करखात्याला एक खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली,
आणि पनामा, पॅराडाइज व पँडोरा प्रकरणांसाठी नेमलेल्या मल्टी-एजन्सी ग्रुपचे सर्व सदस्य

महोदय,
स. न. वि. वि.

मी बार्शीत लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरून देतो. सीए नाही, वकीलही नाही. एका वकीलसाहेबांकडे खतावणी लिहिता लिहिता शिकलो आणि ते गेल्यावर स्वतःचा गाळा घेतला. दहा बाय बाराची जागा, दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर, आणि जून लागला की काचेवर चिकटवायचा कागद: 'रिटर्न भरण्याची शेवटची तारीख ३१ जुलै'. गिऱ्हाईक म्हणजे प्राथमिक शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले, मार्केट यार्डातले आडते, कापडवाले, दोन-तीन डॉक्टर. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स नकाशावर कुठे आहेत हे यांतल्या कुणालाही सांगता येणार नाही. मलाही शोधावी लागली.

पत्र तुम्हाला आहे, पण उघडं लिहितोय. परदेशी बेटांवर कंपन्या असलेल्यांच्या ज्या याद्या फुटल्या त्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न माझ्या गाळ्यात दर हंगामात कुणी ना कुणी विचारतंच, आणि त्यावर मी काय सांगतो हे तुम्हालाही कळायला हवं.

४ एप्रिल २०१६, सोमवार. सकाळच्या पेपरात पनामा पेपर्सची बातमी होती. मोसॅक फोन्सेका नावाच्या, परदेशी बेटांवर कंपन्या काढून देणाऱ्या पनामातल्या वकिली फर्मची १ कोटी १५ लाख कागदपत्रं एका अनामिक माणसाने 'झ्युडडॉयचे त्साइटुंग' या जर्मन वृत्तपत्राच्या हाती दिली होती, आणि जगभरच्या साडेतीनशेहून जास्त पत्रकारांनी ती कुणाला पत्ता लागू न देता चाळली होती. दोन लाख चौदा हजारांवर कंपन्या आणि ट्रस्ट, त्यांत भारताशी नातं असलेली पाचशेच्या आसपास नावं. त्याच दिवशी सरकारने तुमचा ग्रुप नेमला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. येईल त्याला सांगत होतो, "बघा, आता मोठ्यांच्या दारातही नोटीस जाणार."

संध्याकाळी एक कापडवाले आले. जुनं गिऱ्हाईक, सरळ माणूस. बसले, चहा सांगितला आणि म्हणाले, "तसली कंपनी काढायला खर्च किती येतो हो? आपल्याला परवडंल का?" आम्ही दोघंही हसलो. पुढच्या वर्षी ते परत आले तेव्हा मात्र हसले नाहीत. "त्या पनामावाल्यांचं काय झालं?" म्हणाले. मी म्हटलं, चौकशी चालू आहे. त्याच्या पुढच्या वर्षी आले तोवर अशीच फुटलेली दुसरी कागदपत्रं, पॅराडाइज पेपर्स, येऊन गेली होती, १ कोटी ३४ लाख कागद, ७१४ भारतीय नावं. मी पुन्हा म्हटलं, चौकशी चालू आहे. २०२१च्या ऑक्टोबरात तिसरी खेप, पँडोरा पेपर्स, आली, १ कोटी १९ लाख कागद, ३८० भारतीय नावं. तेव्हा त्यांनी विचारलंच नाही. "सोडा हो साहेब, त्यांचा सीए तुमच्यापेक्षा हुशार असणार," एवढंच म्हणाले आणि जीएसटीची फाईल पुढे सरकवली.

माझं गाऱ्हाणं या वाक्याबद्दल आहे. कर भरणं म्हणजे चांगला सीए न परवडणाऱ्यांचं काम, असं या माणसाला दहा वर्षांत तुमच्या गप्प राहण्याने शिकवलं. तो चोर नाही. आजही वेळेवर भरतो. पण भरताना तोंड कडू करून भरतो.

इतर ठिकाणी काय झालं हे मी तेव्हा वाचत होतो. आइसलँडची वस्ती त्या वेळी सोलापूर शहराच्या निम्मीही नव्हती. तिथल्या पंतप्रधानाची आणि त्याच्या पत्नीची विंट्रिस नावाची कंपनी त्याच ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये निघाली. आपला अर्धा हिस्सा त्याने बायकोला एका डॉलरला विकला होता, आणि देशाच्या ज्या बँका २००८ साली बुडाल्या त्यांच्याकडून या कंपनीला येणं होतं. मुलाखतीत प्रश्न येताच तो उठून गेला, आणि ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. ४ एप्रिललाच, म्हणजे मी बार्शीत गिऱ्हाइकांना दिलासा देत होतो त्याच दिवशी, रेक्याविकच्या लोकांनी संसदेपुढचा चौक भरून टाकला. भांडी बडवली, केळी आणि दही फेकलं. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान बाजूला झाला. लंडनमध्ये लोक पनामा हॅट घालून पंतप्रधानांच्या दारात गेले. पाकिस्तानात जुलै २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवाझ शरीफांना अपात्र ठरवलं, तेही मुलाच्या दुबईतल्या कंपनीकडून येणं असलेला पगार जाहीर न केल्यामुळे. हिशेबनीस म्हणून मला याची गंमत वाटली होती. पनामाच्या कागदांत निघालेले त्यांच्या कुटुंबाचे लंडनचे फ्लॅट राहिले बाजूला, पंतप्रधान पडला तो न उचललेल्या पगाराच्या नोंदीवरून. माल्टामध्ये मात्र गंमत नव्हती. मंत्र्याच्या आणि पंतप्रधानांच्या मुख्याधिकाऱ्याच्या पनामातल्या कंपन्या उघड करणाऱ्या डाफ्ने कारुआना गालिझिया या पत्रकार बाईंना १६ ऑक्टोबर २०१७ला गाडीत बॉम्ब लावून मारलं.

आपल्याकडे काय झालं? आठवडाभर चॅनेलवर चर्चा, नटनट्यांवरचे विनोद, आणि "मोठ्यांचं कोण वाकडं करणार". यावरून आपल्या लोकांना राग येत नाही असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले. मला तो पटत नाही. आइसलँडच्या लोकांसमोर एक माणूस आणि एक खुर्ची होती. आपल्यासमोर पाचशे नावं, त्यांत अर्धी कधी ऐकलीही नाहीत अशी, आणि प्रत्येकाचा एकच खुलासा: सगळं नियमात आहे. राग धरायचा तो कुणावर? तो धरून ठेवायला एक पक्का कागद लागतो, आणि तो तुमच्याकडे आहे.

हे प्रकरण नेमकं काय, असं गिऱ्हाइकांनी विचारलं की मी सातबाऱ्याचा दाखला देतो. जमीन गड्याच्या नावावर, कसणारा वाटेकरी, आणि पीक जातं मालकाच्या वाड्यावर. तलाठ्याच्या दप्तरात मालकाचं नाव कुठेच नाही. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधली कंपनी म्हणजे असाच सातबारा, फक्त समुद्रापलीकडचा. डायरेक्टर म्हणून सही करणारा माणूस पगारी. तो शेकडो कंपन्यांवर सही करतो. तिकडची वस्ती तीस हजारांच्या आसपास आणि नोंदवलेल्या कंपन्या काही लाख. केमन बेटांवर अग्लंड हाऊस नावाची एक इमारत आहे, तिच्या एका पत्त्यावर अठरा हजारांहून जास्त कंपन्या सापडल्या होत्या. आमच्या मार्केट यार्डात एका गाळ्यावर दोन फर्म निघाल्या तर जीएसटीचा इन्स्पेक्टर येऊन फोटो काढून जातो.

यादीत नाव आहे म्हणजे गुन्हा झाला असं मी मानत नाही, म्हणून एकही नाव इथे घेणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, परदेशात धंदा करायला खरंच कंपनी लागते, हेही ठाऊक आहे. त्यामुळे कुणाचं स्वच्छ निघालं आणि कुणाचं नाही, हे सांगणारा कुणीतरी हवा. त्यासाठीच तुम्हाला नेमलं ना?

आता थोडं माझ्याबद्दल. मी मूळचा करमाळा तालुक्यातला. आई १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेली तेव्हा मी तिच्या पाठीशी झोळीत होतो, असं ती सांगायची. मला आठवतं ते पुढचं, रोजगार हमीचं. पाझर तलावाचं काम, मुकादमाचा हजेरीपट, शनिवारचं पेमेंट. त्या पैशातून माझी पाटी आली. खूप पुढे, वकीलसाहेबांकडे कामाला लागल्यावर कळलं की महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कर लावला तोच मुळी या योजनेला पैसा उभा राहावा म्हणून. म्हणजे मुंबई-पुण्याच्या कुठल्यातरी कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये माझ्या आईच्या हजेरीपटावर आले होते. तो कर आजही आहे. महिन्याला २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे अडीच हजार भरतात. पगारपत्रकातल्या या रकान्यावर शिक्षक कुरकुरले की मी त्यांना आईची गोष्ट सांगतो. काही ऐकतात, काही घड्याळ बघतात. तेव्हा हे पत्र कर नको म्हणणाऱ्या माणसाचं नाही, हे लक्षात घ्या.

तक्रारी सांगतो.

पहिली आकड्यांची. डिसेंबर २०२१मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की पनामा आणि पॅराडाइज मिळून भारताशी संबंधित ९३० प्रकरणांत २०,३५३ कोटी रुपयांच्या अघोषित जमा रकमा १ ऑक्टोबर २०२१पर्यंत उघडकीला आल्या, आणि कर वसूल झाला १५३ कोटी ८८ लाख. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं. रुपयामागे पाऊण पैसा. उघडकीला आलेली रक्कम म्हणजे सगळी करपात्र नव्हे, अपिलं असतात, परदेशातून कागद यायला वर्षं लागतात, हे मला समजतं. पनामातच जून २०२४मध्ये मोसॅक फोन्सेकाच्या खटल्यातले अठ्ठावीसही आरोपी सुटले, कारण सर्व्हरवरून काढलेला पुरावा कुणाच्या हातून कसा आला याची साखळी कोर्टाला पटली नाही. फुटलेल्या कागदावर केस उभी करणं सोपं नाही. मान्य. पण मग २०१५ साली काळा पैसा कायद्याखाली परदेशातली लपवलेली मालमत्ता जाहीर करायला तीन महिन्यांची मुदत दिली होती, तेव्हा ६४८ जणांनी स्वतःहून ४,१६४ कोटी जाहीर केले आणि सुमारे २,४७६ कोटी भरले. आपण होऊन आलेल्यांनी एवढं भरलं, आणि यादीत सापडलेल्यांकडून त्याचा सोळावा हिस्सा. हे कसं, याचा खुलासा मला गिऱ्हाइकाला करता येत नाही. तुम्हाला करता येत असेल तर करा.

दुसरी वेळेची. माझ्या पगारदार गिऱ्हाइकाचं रिटर्न १ ऑगस्टला गेलं की पाच हजार रुपये लेट फी, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर हजार. आजारी होता, नेट बंद होतं, काही चालत नाही. तुमच्यासाठी काळा पैसा कायद्यात नोटीस काढायला मुदतच नाही. मोठा मासा मुदत संपली म्हणून सुटू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगला आहे. पण मुदत नसल्यावर फाईल कुठवर आली हे विचारायचं कुणी?

तिसरी जरा लांबून सांगतो. वैरागचा एक मुलगा, इंजिनिअर, कंपनीने दोन वर्षं जर्मनीला पाठवला होता. परत आला तेव्हा तिकडच्या पगाराच्या खात्यात ३४० युरो राहिले. विसरला. रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता असतो, शेड्यूल एफए, तो मीही भरला नाही, कारण मला त्याने सांगितलंच नव्हतं. नोव्हेंबर २०२४मध्ये परदेशी मालमत्ता दाखवा म्हणून तुमची मोहीम चालली होती, तिच्यातला मेसेज त्याला आला. वाचला आणि रात्री साडेदहाला घरी आला, दहा लाखांचा दंड म्हणतात म्हणून. १ ऑक्टोबर २०२४पासून, जमीन-घर सोडून, वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला तो दंड लागत नाही, हे मी त्याला नियम उघडून दाखवलं. तरी त्याला झोप नव्हती. आम्ही सुधारित रिटर्न भरलं, विषय संपला. मेसेज बरोबर होता, चूक आमची होती, त्याबद्दल तक्रार नाही. त्याच मोहिमेत २४,६७८ जणांनी रिटर्नं सुधारली आणि २९,२०८ कोटींची परदेशी मालमत्ता दाखवली, हे तुम्ही पुढे जाहीरही केलंत. चांगलं केलंत. पण यावरून दोन गोष्टी दिसतात. शंभराहून अधिक देशांशी खात्यांची माहिती आपोआप देवाणघेवाण करणारी यंत्रणा तुमच्याकडे आहे आणि तिला वैरागच्या पोराचे ३४० युरोही दिसतात. आणि मनात आणलं की तुम्हाला आकडे झटक्यात प्रसिद्ध करता येतात. मग पनामाचेच संसदेत कुणी प्रश्न विचारेपर्यंत का थांबतात?

चौथी गुप्ततेची. करदात्याची माहिती उघड करता येत नाही, परदेशांशी झालेल्या करारांत गोपनीयतेची अट आहे, हे उत्तर पाठ झालंय. सर्वोच्च न्यायालयाने ४ जुलै २०११ला, लिख्टेनस्टाइनमधल्या बँकेच्या यादीवरून चाललेल्या प्रकरणात, याची वाट दाखवली होती. ज्यांच्याविरुद्ध काही निघालं नाही त्यांचा खाजगीपणा जपा. ज्यांची चौकशी पुरी होऊन कारवाई सुरू झाली त्यांची माहिती द्या. मला यापेक्षा जास्त काही नको आहे. आणि किती प्रकरणं बंद केली, किती अपिलात अडकली, हे सांगायला तर कुणाचंच नाव लागत नाही.

पाचवी थोडी वेगळी, कारण ती बेकायदा वागणाऱ्यांबद्दल नाहीच. १९८२च्या मॉरिशस कराराने, भारतातले शेअर मॉरिशसच्या कंपनीमार्फत विकले तर त्या नफ्यावर कर लावायचा हक्क मॉरिशसचा, आणि मॉरिशस तो लावत नव्हतं. करार बदलायला मे २०१६ उजाडला, कर लागू झाला तो १ एप्रिल २०१७पासून घेतलेल्या शेअरांना. मधली तीसेक वर्षं हे सगळं कायद्यात बसत होतं. एकोणिसाव्या शतकात आपली कोकणातली माणसं त्याच बेटावर ऊस लावायला आणि तोडायला गेली. त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही तिथे मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. ती बोटीने गेली आणि राहिली. पैसा मात्र कागदावर जाऊन कागदावरच परत आला. अशा वाटा पुन्हा कुठल्या करारात राहिल्या आहेत, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नसेल. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात सरकारच्या प्रत्येक रुपयात प्राप्तिकराचे २२ पैसे होते आणि कंपनी कराचे १७. पगारदार गिऱ्हाइकं हा तक्ता मोबाईलवर आणून मला दाखवतात.

मागण्या साध्या आहेत. दरवर्षी एक तक्ता छापा, मंडळाच्या संकेतस्थळावर, पनामा, पॅराडाइज, पँडोरा यांचा वेगवेगळा: किती नावं तपासली, किती स्वच्छ निघाली, किती जणांवर आकारणी झाली, किती रक्कम अपिलात आहे, किती हातात आली, किती जणांना शिक्षा झाली. तारीख आमचीच घ्या, ३१ जुलै. उशीर झाला तर लेट फी मागणार नाही. ज्यांचं प्रकरण शेवटच्या निकालापर्यंत जाऊन दोष ठरला त्यांची नावं द्या, आणि जे स्वच्छ निघाले त्यांना तसं लेखी द्या. दहा वर्षं संशयात राहणं हीही शिक्षाच आहे. कंपन्यांच्या खऱ्या मालकांची जी नोंद सरकार घेतं, ती सातबाऱ्यासारखी कुणालाही शोधून पाहता यावी, अशी शिफारस कंपनी व्यवहार मंत्रालयाला करा. ते खातं तुमचं नाही, पण तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे. आणि एक किरकोळ वाटेल अशी: लोकांना पाठवता ते मेसेज आणि नोटिसा मराठीतही पाठवा. त्या रात्री वैरागचा पोरगा इंग्रजी येणारा होता म्हणून दंडाचा आकडा तरी नीट वाचू शकला. एसटीतून निवृत्त झालेले माझे ड्रायव्हर-कंडक्टर पाकीट न फोडताच घेऊन येतात, हात थरथरत असतात, आणि आत निघतं ते रिफंड मंजूर झाल्याचं पत्र.

तक्ता आला तर मी त्याची प्रिंट काढून काचेवर लावणार आहे, '३१ जुलै' लिहिलेल्या कागदाच्या शेजारी. कापडवाले साधारण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात येतात.

कळावे,
आपला,
बार्शीतला एक रिटर्न भरून देणारा